खंड्याचे टाके

अंजर्ले, १९ मे

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ पडवीत बसून होतो. खंड्याचं ऑपरेशन मी तुझ्यापासून लपवलं, असं तू बोललीस, त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून उलट फोन केला नाही. फोनवर मी आधी गप्प बसतो आणि मग नको ते बोलून जातो. "शेवटी कुत्रं आहे ते" असं मी म्हणालो, ते मागे घेतो. पाच रात्री त्याच्याशेजारी सतरंजी टाकून काढलेल्या माणसाने असं म्हणू नये.

आधी त्याची तब्येत. आज अकरावा दिवस. जखम कोरडी आहे, लाली नाही, पाणी येत नाही. टाके गुरुवारी काढायचे. गळ्यातला भोंगा अजून त्याच्या अंगवळणी पडलेला नाही, दाराच्या चौकटीला आपटत फिरतो. खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा, मऊ भात आणि अंडं. अंडं आजी उकडते. मागीलदारी वेगळी चूल मांडली आहे आणि पातेलंही वेगळं ठेवलं आहे, पण उकडते तीच. मी काही विचारलं नाही, तूही विचारू नकोस.

आता झालं ते क्रमाने लिहितो. साठं घालायची म्हणून रायवळ आंब्यांचा रस काढला होता. कोयी मी नारळाच्या आळ्यात टाकल्या, वर माती ओढायची राहिली. रायवळाची कोय लहान, रसाने बुळबुळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओकला आणि ताटाकडे पाठ फिरवून बसला. लॅब्राडॉर जेवत नाही म्हटल्यावर तिथेच उठायला हवं होतं. मी ताकभात करून दिला, तोही पडला. तिसऱ्या दिवशी पोट दगडासारखं लागायला लागलं. पुढचे पाय जमिनीला टेकून मागचा भाग वर, असा उभा राहायचा, जणू नमस्कार घालतो आहे. तेव्हा शेजारच्यांची जीप काढली आणि खेडवरून चिपळूण गाठलं. सोनोग्राफीत कोय दिसली, लहान आतड्यात अडकलेली. संध्याकाळीच पोट उघडलं. डॉक्टरांनी ती धुऊन एका डबीत घालून दिली. येताना खाडीच्या पुलावरून टाकून दिली.

डॉक्टर म्हणाले, आतड्याचा टाका सुटायचा झाला तर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात सुटतो, तेवढे दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. मी मनाशी म्हटलं, पाच दिवस निघू देत, मग मनूला सांगू. पाच निघाले. मग तुझ्या कामाचा तो आठवडा आडवा आला, आणि मग मलाच धीर होईना. "आईच्या वेळीही तुम्ही असंच केलंत," असं तू म्हणालीस. बारावीचे पेपर सात दिवसांवर होते, आणि तिनेच मला सांगितलं होतं की... जाऊ दे. तेव्हाही ते कारण पुरेसं नव्हतं.

त्याला पुण्याला नेण्याबद्दल तू बोललीस, त्यावर या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो आहे. खंड्या तुझा आहे. मार्च २०२० मध्ये आठ दिवसांसाठी आलीस, पिशवीतून हे एवढंसं काळं पिल्लू काढलंस, आणि सगळा देशच बंद झाला. आजी म्हणाली होती, ओटीच्या आत पाऊल टाकता कामा नये. मग ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं पत्त्यांसारखी उडत होती, वाडीतल्या पोफळी एकामागून एक कडकड मोडत होत्या, आणि आपण तिघं माजघरात भिंतीला पाठ लावून बसलो होतो. तो कुठे होता आठवतं? आजीच्या मांडीवर, तिच्या पदराखाली. पुढे कित्येक दिवस वीज नव्हती. साठ वर्षांची बाग आडवी पडलेली, मला सकाळी उठून तिकडे बघवत नसे. हा मात्र रोज वाडीत जाऊन पडलेल्या शिंपुटातली एक एक सुपारी तोंडात धरून आणायचा आणि माझ्या पायाशी ठेवायचा. कशावरही दात उमटलेला नसे. तूच सांगितलंस, या जातीचं तोंड मऊ असतं, आणून देणं त्यांच्या रक्तातच आहे. मला तेव्हा वाटायचं, निदान कोणीतरी गोळा करायला लागलंय. मग मीही कोयता घेऊन खाली उतरलो.

यांचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर काम करायचे, सुटलेले मासे नि दोर पाण्यातून ओढून आणायचे, हेही तूच मला वाचून दाखवलं होतंस. इथे ते डोळ्यांनी दिसतं. होडी लागली की दोर धरायला हा सगळ्यांच्या पुढे. शेपटी सुकाणूसारखी, बोटांमध्ये पडदा, आणि बाहेर येऊन अंग झटकलं की आतली लव कोरडीच. पुण्यात त्याला मुठा दाखवणार आहेस का? झालं, लिहिणार नव्हतो ते लिहिलंच.

समुद्रावरून आला की मी गोड्या पाण्याने धुतो, कान आतून कोरडे करतो, कारण लोंबते कान ओले राहिले की कुजतात. पाऊस लागला की रोज रात्री बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधतो. रात्री बिबट्याच्या भीतीने माजघरात घेतो. हे सगळं मी करतो, मनू. पण वजन मी वाढवलं. अडतीस किलो भरलं, डॉक्टरांच्या मते तेहतीसच्या वर जायला नको. जास्त वजनाने खुबे लवकर जातात, हे तू दर वेळी सांगायचीस. केंब्रिजच्या लोकांनी २०१६ मध्ये शोधून काढलं होतं ना, चारातल्या एका लॅब्राडॉरच्या जनुकातच खोट असते, पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही? तू पाठवलेलं ते मी दोनदा वाचलं, आणि तरी चहाबरोबर त्याला भाकरी देत राहिलो. माझ्याकडे बघत बसतो तो, आणि दुपारी दुसरं कोणी बघणारं नसतं.

तुझ्याकडे दहा मिनिटांवर डॉक्टर आहेत आणि इथे अडीच तास लागतात, हे खरंच आहे. पण तू नऊला जाणार, आठला येणार. हा दिवसभर बंद दाराआड. या जातीला माणूस लागतं, एकटं ठेवलं की ते चपला खातात, सोफा फाडतात, आणि तू स्वतः तरी वेळेवर जेवतेस का? गेल्या महिन्यात आलीस तेव्हा मनगटाची हाडं दिसत होती. कुत्रं पाळायचं म्हणजे...

माफ कर. तुला कुत्रं पाळायला मी शिकवू नये. त्याला जे काही येतं ते तू शिकवलेलं आहे. तू व्हिडिओवरून "सोड" म्हटलंस तरी तोंडातलं खाली ठेवतो. आत्याला मी दर वेळी हे सांगतो, ती कंटाळली आता.

आणि इथेच एक गोष्ट आहे, जी काल सांगितली नाही. त्या सकाळी त्याच्या तोंडात कोय मी पाहिली होती. तू बजावलं होतंस, मागे धावू नका, ओरडू नका, बदल्यात दुसरं काही पुढे करा. मी ओरडत मागे धावलो आणि त्याने घाईघाईने गिळली. मला वाटलं, जाईल बाहेर. आजीला म्हणालो, ऊन लागलंय त्याला. दोन दिवस मलाही तेच सांगत राहिलो. पाचव्या रात्री त्याने पाणी प्यायल्यावर माझा हात चाटला, तेव्हा मला रडू आवरेना. आजी जागी होती, पण काही बोलली नाही.

कोयी आता झाकणाच्या पिंपात जातात, वर जांभा दगड ठेवतो. जेवण वजन करून देतो, वाटी आजीकडे असते. न्यायचं की नाही ते तू ठरव, मी अडवणार नाही.

शनिवारी येतेस ना? कान पुसायचं औषध संपत आलंय, आण. पट्टा नवा घेऊ नकोस, जुना चांगला आहे. आणि गाडी घेऊन येऊ नकोस, ताम्हिणीत रात्री दिसत नाही. एसटीने ये. मी दापोली स्टँडवर थांबतो.

तुझे,
बाबा