लवंग नव्हे, संत्र्याची साल

इंदूर, ५ जानेवारी

प्रिय मंजू,

दिवाळीतल्या तुझ्या पत्राला उत्तर नाही, वाढदिवसाला फोन नाही. भेटलीस की हवं तेवढं बोलून घे, मी ऐकून घेईन. आज लिहायला बसले कारण आज सकाळी जे कळलं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही. आपलं सफरचंदाचं गरम मसालेदार सायडर कडू होतं ते लवंगेमुळे नाही. तू म्हणत होतीस तेच खरं, संत्र्याची साल. दोन वर्षं मी लवंगेवर अडून बसले होते आणि रामबागेत ताईसमोर तुला नको ते बोलले. ते सगळं मागे घेतलं.

तब्येती ठीक. यांची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा थंडीत कुरकुरतो तेवढंच.

तर ऐक, कसं कळलं. मसाला न घालता नुसती सफरचंदं शिजवली, गाळली आणि तो एकच रस चार काचेच्या बरण्यांत २००-२०० मि.लि. ओतला. स्लो कुकरच्या, म्हणजे विजेवर मंद शिजवणाऱ्या कुकरच्या, भांड्यात कोमट पाणी घालून त्यात चारही बरण्या उभ्या केल्या आणि ३ तास 'लो'वर ठेवल्या. पहिलीत फक्त २ लवंगा, म्हणजे आपल्या नेहमीच्या प्रमाणाच्या दुपटीहून जास्त. दुसरीत बाजारातली जाड दालचिनी. तिसरीत संत्र्याची गोल चकती, सालीबियांसकट, तू फोटोत पाहतेस तशी. चौथीत त्याच संत्र्याची किसणीवर काढलेली वरवरची केशरी साल, पांढरं अजिबात नाही.

लवंगेच्या रसाने जिभेचं टोक बधिर झालं, वास उग्र आला, पण कडू म्हणशील तर नाही. दालचिनीचा रस घशाला कोरडा लागला आणि चमच्यावरून किंचित बुळबुळीत ओघळला. तिसरा गरम असताना जेमतेम कडसर होता. आज सकाळी तोच घोटभर घेतला आणि थुंकून टाकला, इतका कडू! चौथा मात्र सकाळीही स्वच्छ, नुसता सुगंध.

इथेच आपली फसगत होत होती, मंजू. संत्र्याच्या पांढऱ्या भागात आणि बियांत जे असतं ते मुळात कडू नसतंच. आंबट रसात, उष्णतेने, त्याचं हळूहळू लिमोनिन होतं आणि ते कडू. म्हणून करताना चाखून बघितलं की सगळं छान, आणि पाहुण्यांपुढे पेला जाईपर्यंत बिघडलेलं. कुकरमध्ये आठ तास संत्र्याच्या फोडी पोहत ठेवायच्या आणि मग लवंगा मोजत बसायचं, हेच चाललं होतं. आता फोडी पूर्ण बंद. इथे आगर-माळव्याची संत्री आली आहेत, साल सैल आणि सुवासिक. तुला बडोद्यात खंडेराव मार्केटात जी मिळतील ती चालतील. किसणीवर हलक्या हाताने २ संत्र्यांची साल काढायची आणि शेवटच्या २० मिनिटांत मलमलच्या पुरचुंडीत बांधून सोडायची. रस घालायचाच असेल तर बिया काढून, गाळून, कुकर बंद केल्यावर.

तुझ्या १४ तारखेच्या हळदीकुंकवाचं प्रमाण सांगते. तुझं भांडं ५ क्वार्टचं, म्हणजे ४.७ लिटर. त्यात दीड किलो सफरचंदं आणि २ लिटर पाणी, वर दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. गाळून सव्वादोन ते अडीच लिटर निघतं, म्हणजे १०० मि.लि.चे २२-२४ पेले. चाळीसजणी येणार असतील तर दोनदा करावं लागेल. एकदा आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेव, एकदा त्याच सकाळी. फ्रिजमधला गार रस मात्र कुकरच्या तापलेल्या चिनी मातीच्या भांड्यात ओतू नकोस, तडा जाईल. आधी पातेल्यात गरम करून मग ओत. गरम भांडं गार ओट्यावर ठेवू नकोस, खाली जाड फडकं घाल.

सफरचंदं कुठली? जानेवारीत मिळतात ती शीतगृहातली, काश्मीरची असोत की हिमाचलची. पुलवामाजवळ लासीपोऱ्याला हवा नियंत्रित ठेवणारी मोठी कोठारं आहेत, तिथली फळं उन्हाळ्यापर्यंत पुरतात. दिसायला टवटवीत असतात, पण साठवणीत फळाचा आंबटपणा उतरतो. म्हणूनच जानेवारीतलं सायडर मिळमिळीत लागतं आणि आपण त्यात साखर वाढवत जातो. साखरेचा काही संबंध नाही, हवा असतो तो आंबटपणा. १ किलो लाल डेलिशियस आणि अर्धा किलो हिरवी आंबट असं घे. हिरवी महाग पडली तर सगळी लाल घे आणि शेवटी दीड लिंबू पिळ. पिवळी गोल्डन जास्त घातलीस तर तिचा लगदा होतो आणि रस गाळता गाळत नाही.

मेणाचा थर असतो, तेव्हा कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चोळून धू. साल काढू नकोस, रंग आणि वास तिथेच आहे. गाभा आणि बिया मात्र काढ, पुढे ठेचताना बी फुटली तर तीही कडवट. आठ-आठ फोडी कर. सफरचंदात जवळपास चौथा हिस्सा हवा असते, त्यामुळे फोडी तरंगतात आणि वरच्या काळ्या पडतात. वर एक छोटी स्टीलची ताटली उपडी ठेव म्हणजे बुडून राहतात.

मसाला एका भांड्याला एवढाच: दालचिनीचे ३ इंची २ तुकडे, १० लवंगा, १ चक्रफूल, ४ मिरे, बोटाच्या पेराएवढं आलं चकत्या करून. सगळं मलमलमध्ये सैल बांध. दालचिनी पाहून घे. एका जाड सालीची, दाताने फुटत नाही ती कॅशिया, तीच बुळबुळते. कागदासारख्या पापुद्र्यांची गुंडाळी, चिमटीत मोडते ती सिलोनची. इथे सियागंजात मागितली की दोन्ही दाखवतात, किमतीतच कळतं. कॅशियाच मिळाली तर एकच तुकडा घाल आणि दोन तासांनी काढ. पूड कुठलीच नको, ती विरघळत नाही, पेल्याच्या तळाशी चिखल होतो. ऑलस्पाइस नावाच्या परदेशी मसाल्याच्या जागी कबाबचिनीही नको, ती वेगळीच वस्तू आहे, जीभ कापरी होते. जायफळ शेवटी, दोनदा किसणीवर फिरवलं की पुरे.

'हाय'वर ४ तास किंवा 'लो'वर ७. मध्ये झाकण उघडायचं नाही, दर वेळी पंधरा-वीस मिनिटांची वाफ जाते. वेळ झाली की पुरचुंडी आधी बाहेर. मी एकदा ती आतच ठेवून ठेचलं होतं आणि लवंगा फुटल्या. मग मॅशरने हलकेच ठेचायचं, आणखी अर्धा तास ठेवायचं, आणि गाळणीवर धुतलेला मलमलचा पंचा टाकून ओतायचं. पंचा पिळायचा नाही. पिळलास की पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट घटक, उतरतं, रस गढूळ आणि चिकट होतो. अर्धा तास आपोआप ठिबकू दे. उरलेला लगदा फेकू नकोस, शिऱ्यात घाल.

गूळ ७० ग्रॅम, गाळल्यावरच, आणि तोही वाटीभर गरम रसात विरघळवून पुन्हा गाळून. गुळात खडा, काडी असतेच. जास्त घातलास तर सफरचंद मागे पडतं आणि काकवी प्यायल्यासारखं वाटतं. वाढायला काकूंचं पितळी भांडं काढायचा मोह होईल, पण कल्हई उडालेली असेल तर आंबट रस त्यात नको. स्टील किंवा काच. 'वॉर्म'वर तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नकोस, वास बसतो.

आणि 'सायडर' म्हटलंस की कुणीतरी व्हिनेगर समजेल, कुणीतरी दारू. सांगून ठेव की हा न आंबवलेल्या रसाचा अमेरिकेतला प्रकार आहे. इंग्लंडात त्याच शब्दाचा अर्थ दारू, म्हणून घोळ होतो. तुझ्या दादाने त्याला 'सफरचंदाचा काढा' नाव दिलं तेव्हापासून धाकटीने तोंड लावलं नाही. यंदा नाव 'पन्हं' सांग, गरम पन्हं, बघ कशी पिते.

मनात एकच धाकधूक आहे. तू पुन्हा चकत्या घालशील, दिसायला सुंदर म्हणून. पेल्यात वाढताना हवी तर एक पातळ चकती वर तरंगत ठेव, बिया काढून. कुकरमध्ये नाही. मंजू, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, दोन वाट्या घेऊन स्वतः करून बघ आणि रात्रभर ठेव. तुझी जीभ माझ्याहून चांगली आहे हे आता मी लिहून देते.

दांडिया बाजारातलं घर रंगवून झालं का? बाळाचे दात? जावईबापूंच्या बदलीचं काय झालं ते सविस्तर कळव.

तुझी,
शालू

ता. क. कुकर लेकीने अमेरिकेतून आणलेला आहे ना? उलटा करून पट्टी वाच. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात थेट लावू नकोस. २५० वॉटचा कुकर जवळपास चौपट तापेल आणि जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, ५०० वॉटचा, जड लोखंडी. प्रवासातला हलका कन्व्हर्टर नको. नसेल मिळाला तर जाड बुडाच्या पातेल्यात सगळ्यात बारीक आचेवर तीन तास ठेव, सराफ्यातलं कढईचं दूध आटवतात तेवढ्या आचेवर. प्रेशर कुकरात नको.