रडारचे चित्र पाहताना घड्याळही पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल ते जून या काळात अमेरिकेतल्या टॉर्नेडोंच्या बातम्या आपल्याकडेही येतात आणि सोबत बहुधा लाल-पिवळे रडारचित्र असते. डलास, ओक्लाहोमा सिटी, कॅन्सस सिटी या पट्ट्यात मुलेबाळे राहत असलेली कितीतरी मराठी घरे तेच चित्र आता मोबाइलवर थेट पाहतात. तिथल्या उन्हाळी वेळेत साडेदहा तास मिळवले की आपली वेळ येते. म्हणजे टेक्सासातले दुपारी तीन ते रात्री नऊ हे धोक्याचे तास इथे मध्यरात्रीनंतर दीड ते सकाळी साडेसात. चित्र मिळते, पण ते किती जुने आणि जमिनीपासून किती उंचावरचे आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. हौशी वादळनिरीक्षकांचे थेट प्रक्षेपण पाहणाऱ्यांचा घोळ नेमका इथेच होतो.

सुरुवात रडारपासून करूच नये. ओक्लाहोमातल्या नॉर्मन येथील स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर त्या दिवसाचा अंदाज दिवसातून पाच वेळा काढते. त्यातले आपल्या कामाचे तीन भारतीय वेळेनुसार सायंकाळी ६.३०, रात्री १० आणि मध्यरात्रीनंतर १.३० चे. नकाशावर धोक्याच्या पाच पायऱ्या असतात, पण टॉर्नेडोच्या शक्यतेचा वेगळा नकाशा उघडावा. त्यावर '१० टक्के' दिसले की आपल्याला ते किरकोळ वाटते. तो आकडा कोणत्याही एका ठिकाणापासून ४० किलोमीटरच्या आत टॉर्नेडो होण्याचा आहे आणि त्या मानाने १० टक्के म्हणजे पुष्कळ. पुढे 'वॉच' (टॉर्नेडो होऊ शकतो, सावध राहा) येतो तो मोठ्या प्रदेशासाठी, काही तासांचा. 'वॉर्निंग' (धोका समोर आहे, आसरा घ्या) मात्र स्थानिक हवामान कार्यालय देते, तीही नकाशावरच्या छोट्या बहुभुजापुरती आणि बहुतेकदा पाऊण तासाच्या आतली.

आता रडार. पावसाच्या चित्रात सुपरसेल (आतली हवा फिरत वर चढणाऱ्या मोठ्या गडगडाटी) ढगाच्या बहुधा नैर्ऋत्य कडेला आकड्यासारखे शेपूट दिसते. सगळे त्याच्यावरच बोट ठेवतात. पण प्रत्येक आकड्याखाली टॉर्नेडो नसतो, आणि धो-धो पाऊस असलेल्या वादळात आकडा पावसातच बुडून जातो. म्हणून वेगाचे चित्र लावावे. त्याआधी रडार नकाशावर कुठे आहे ते शोधावे, कारण हिरवा रंग रडारकडे येणारा वारा दाखवतो आणि लाल रंग दूर जाणारा. गडद हिरवा आणि गडद लाल अगदी खेटून दिसले, तर तिथे हवा फिरते आहे. तिसरे चित्र 'सीसी'चे. रडारच्या झोतातल्या वस्तू एकमेकींसारख्या किती, हे ते सांगते. नुसत्या पावसात ही किंमत ०.९७ च्या वर राहते. नेमक्या त्या लाल-हिरव्या जोडीवर ती ०.८ च्या खाली घसरली आणि पावसाच्या चित्रातला प्रतिध्वनी मात्र जोरदार असला, तर वर पत्रे, फळ्या, झाडपाला उडतो आहे. मोठ्या गारा आणि पक्ष्यांमुळेही सीसी घसरते, म्हणून तिन्ही खुणा एका जागी जुळल्याशिवाय काही बोलू नये. आणि जुळल्या, तरी ही पूर्वसूचना नव्हे. टॉर्नेडोने कुठेतरी आधीच हात मारलेला असतो. वरातीमागून घोडे म्हणा हवे तर.

वेगाच्या चित्रातला जांभळा रंग पाहून घाबरणारे खूप. तो तीव्रतेचा नसतोच. दूरचा प्रतिध्वनी जवळच्यात मिसळला आणि वेग काढता आला नाही, एवढाच त्याचा अर्थ. शेजारच्या ठिपक्यांशी काही नाते नसलेला एखादा भलत्याच रंगाचा चौकोनही बहुधा संगणकाची चूक असते. ॲपमध्ये रंग गुळगुळीत करण्याची सोय असेल तर ती बंद ठेवावी. अनेक कोन मिळून केलेले 'कॉम्पोझिट' चित्र तर टॉर्नेडोसाठी निरुपयोगी, कारण त्यात सगळ्या उंचींवरचा सर्वांत जोरदार प्रतिध्वनी एकत्र येतो आणि आकडा पुसला जातो.

उंचीचा हिशेब असा. अमेरिकी रडारचा सर्वांत खालचा झोत साधारण अर्ध्या अंशाने वर रोखलेला असतो. १०० किलोमीटरवर त्याचा मध्य जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर वर असतो, १६० किलोमीटरवर जवळजवळ तीन. शिवाय १०० किलोमीटरवर झोताची रुंदीच दीड किलोमीटरच्या पुढे जाते. दोनशे मीटरचा टॉर्नेडो त्यात दिसणार कसा? दिसते ते वरच्या ढगाचे फिरणे. म्हणून तर रडार असूनही डोळ्यांनी पाहून कळवणारे प्रशिक्षित स्पॉटर लागतात. वेळेचेही तसेच. सगळ्या कोनांची एक फेरी पूर्ण व्हायला चार-पाच मिनिटे लागतात. सर्वांत खालचा कोन मध्ये-मध्ये पुन्हा तपासला जातो, पण ॲपपर्यंत चित्र यायला आणखी वेळ जातो. ताशी ८० किलोमीटरने निघालेले वादळ पाच मिनिटांत साडेसहा किलोमीटर पुढे गेलेले असते.

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमातल्या एल रेनो येथे हा फरक जिवावर बेतला. टॉर्नेडो ४.२ किलोमीटर रुंद झाला, आजवर नोंदवलेला सर्वांत रुंद. तो आग्नेयेकडे जाता जाता अचानक ईशान्येला वळला आणि वेगही वाढला. अनुभवी संशोधक टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग त्यात गेले. गाडीवरच्या फिरत्या रडारने तिथे प्रचंड वारे मोजले, तरी त्याची श्रेणी ईएफ-३ च राहिली (टॉर्नेडोची ही श्रेणी ० ते ५ अशी असते), कारण श्रेणी वाऱ्यावरून नव्हे, नुकसानीवरून ठरते आणि तिथे बहुतेक मोकळी शेते होती. नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनचा टॉर्नेडो २० जून २०२५ चा. तो ईएफ-५ असल्याचे जाहीर झाले ऑक्टोबरमध्ये. तेव्हा थेट प्रक्षेपणात कोणी 'ईएफ-५ आला' म्हणून ओरडत असेल, तर तो स्वतःचा तर्क सांगतो आहे. आपण त्याचा मथळा करू नये.

इथून मुलांना फोन करणाऱ्यांसाठी थोडे. आधी घराचा पत्ता वॉर्निंगच्या बहुभुजात आहे का ते पाहा. नसेल तर फोन करू नका, त्यांना त्यांचे इशारे ऐकू द्या. असेल तर मजकूर वाचा. त्यात 'रडार इंडिकेटेड' (फक्त रडारवर खूण) म्हटले आहे की 'ऑब्झर्व्ह्ड' (टॉर्नेडो खरोखर आढळला), यात फरक आहे, आणि 'टॉर्नेडो इमर्जन्सी' हा सर्वांत गंभीर इशारा असेल तर मिनिटही दवडू नये. सांगायचे एवढेच: सर्वांत खालचा मजला, घराच्या मधोमध, खिडकी नसलेली न्हाणी किंवा कपाटाची खोली, पायांत बूट, डोक्यावर मुलाच्या सायकलचे हेल्मेट का होईना. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्यांनी तळमजल्यावरच्या शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे. गाडीत असाल तर उड्डाणपुलाखाली थांबू नका, तिथे वाऱ्याला बोगदा मिळतो. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातील टॉर्नेडोंत पुलांखाली आसरा घेतलेली माणसे दगावली आहेत.

आपल्याकडे वळवाच्या पावसात मुख्य भीती विजेची, आणि त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे 'दामिनी' ॲप आहे. झोताच्या उंचीचा हिशेब मात्र मुंबईच्या रडारवर नाशिकचे ढग पाहणाऱ्यांनाही लागू होतो.

आपल्याला विनंती इतकीच, की रडारचित्र छापाल तेव्हा खाली चित्राचा प्रकार, रडारचे ठिकाण, वादळापासूनचे अंतर आणि वेळ द्यावी. चित्रावर 'झेड' अक्षरासह वेळ (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ) असेल तर साडेपाच तास मिळवावेत आणि तारीखही तपासावी. एल रेनोचा टॉर्नेडो तिथे ३१ मे च्या सायंकाळी सहाच्या सुमारास जमिनीला टेकला, तेव्हा आपल्याकडे १ जूनचे पहाटेचे साडेचार वाजले होते.

आपला,
एक हवामाननिरीक्षक वाचक, पुणे