आक्का, यंदा गणपतीत हा खेळ खेळा

स्टुटगार्ट, रविवार

प्रिय आक्का,

तुला आणि दाजींना नमस्कार, पोरांना गोड पापा. परवा फोनवर तू विचारलंस शनिवारी रात्री एवढ्या उशिरापर्यंत काय करूलालास म्हणून, आणि मी कोडी सोडवूलालोय म्हटल्यावर तुला वाटलं पोरगं काहीतरी लपवतंय. कोडीच गं, आईशप्पथ!

पण आज्जी घालायची तसली नव्हेत, एवढंसं कार्टं घर राखतं वगैरे. ह्यात एकजण अर्धीमुर्धी विचित्र गोष्ट सांगतो आणि हे असं का झालं ते बाकीच्यांनी प्रश्न विचारून विचारून काढायचं. सांगणाऱ्याला तीनच उत्तरं अलाऊड, हो, नाही, नाहीतर त्याचा संबंध नाही. इथं ह्या कोड्यांचं कार्डांचं बॉक्सच मिळतं, ब्लॅक स्टोरीज म्हणून, 2004 पासून, पन्नास कार्डं, पुढं गोष्ट आणि मागं उत्तर, आणि जवळजवळ प्रत्येकात कोणतरी मेलेलंच. जपानात तर ह्या खेळाचं नावच कासवाचं सूप आहे, ते ज्या कोड्यावरनं पडलंय ते कोडं मात्र लई भयंकर आहे, जेवणाआधी सांगण्यासारखं नाही. असल्या डोकं चालवण्याला लॅटरल थिंकिंग म्हणतात, एडवर्ड डी बोनो म्हणून माल्टाचा एक डॉक्टर होता त्यानं 1967 साली हे नाव काढलं. त्याचं म्हणणं असं की तोच खड्डा कितीही खोल खणला तरी दुसऱ्या जागी खड्डा पडत नाही, दुसरीकडंच कुदळ मारावी लागते. मला विचारशील तर बिरबलानं हे कधीच करून ठेवलंय, रेघ न पुसता लहान कर म्हटल्यावर शेजारी मोठी ओढली की त्यानं.

असो. तर आमची कार्डं संपली, म्हणून काल मी घरचं कोडं घातलं. खेळायला होते आमचा जर्मन रूममेट, त्याची पोलंडची मैत्रीण आणि माझ्या ऑफिसातली एक व्हिएतनामची पोरगी. शिवाय धारवाडचा दोस्त, पण त्याला तोंड उघडायचं नाही अशी आधीच तंबी दिलेली, कारण कोडं असं होतं:

एका घरी पाहुणा येतो. दहा दिवस त्याची नुसती बडदास्त, रोज गोडधोड, गाणी, शेजारीपाजारी बघायला येतात. अकराव्या दिवशी घरचेच लोक त्याला वाजतगाजत तळ्यावर नेतात आणि पाण्यात बुडवून परत येतात. पोलीस तिथंच उभे असतात, अडवत नाहीत, उलट रस्ता मोकळा करून देतात. का?

रूममेटनं पहिलाच प्रश्न टाकला, पाहुणा श्रीमंत आहे का, इस्टेटीचा मामला आहे का. संबंध नाही. मग त्याच्या मैत्रिणीनं विचारलं पाण्यात घालतात तेव्हा तो जिवंत असतो का. आता आली का पंचाईत! प्राणप्रतिष्ठा केलेली असते खरी पण निघायच्या आधी उत्तरपूजा पण झालेली असते, मग हो म्हणू का नाही म्हणू, मी म्हटलं हो पण आणि नाही पण, तर रूममेट खवळलाच, असं उत्तर नियमात बसत नाही म्हणाला, आणि इकडं धारवाडकराच्या हसून हसून नाकातनं चहा आला. मग ते दोघं कितीतरी वेळ पोलिसांच्याच मागं, पोलिसांनी पैसे खाल्लेत का, पोलीस खोटे आहेत का, पाहुणा गुन्हेगार आहे का.

व्हिएतनामची पोरगी आपली शांत बसून शेंगा सोलत होती. मध्येच म्हणाली, त्याच्यापुढं ठेवलेलं जेवण तो खातो का? मी म्हटलं नाही. मग तुम्ही लोक खाता का? म्हटलं हो. संपलं, म्हणाली हा देव आहे, मातीचा असणार. तिच्या घरी पूर्वजांच्या फोटोपुढं ताट ठेवतात आणि मग घरचेच जेवतात, तिला ते लगेच दिसलं. मला तुझीच आठवण झाली बघ. लग्नाला जाऊन आलो की सगळे दागिने नि मंडप सांगत बसतात आणि तू विचारतेस उरलेल्या जेवणाचं काय केलं! ह्या खेळात असलेच प्रश्न कामाला येतात, हुशारी दाखवणारे जागच्या जागी फिरत बसतात.

म्हणून म्हणतो, चतुर्थीला बेळगावात शहापूरच्या घरी सगळे जमाल तेव्हा तू घे हा खेळ. तुझ्यासाठी एक कोडं केलंय, गावांची नावं मात्र सांगायची नाहीत. माय-लेकी दोघी एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसल्यात. कंडक्टर आईकडनं एक पैसा घेत नाही, लेकीकडनं पूर्ण तिकीट घेतो. लेक तिशीची, आई साठीची, कंडक्टर कुणाचाच पाहुणा नाही. पुढं बस बदलली तर दोघींनाही निम्मं तिकीट. हे तुला येणारच म्हणा, 2023 ला कर्नाटकात शक्ती योजना आली त्यात तिथलं आधार असलेल्या बायकांना सरकारी बस फुकट झाली, तुझं आधार गडहिंग्लजचं म्हणून तू निपाणीच्या बसमध्ये किती तणतणली होतीस, आणि त्याच वर्षी तिकडं महाराष्ट्रात एसटीनं सगळ्या बायकांना अर्धं तिकीट केलं. पोरं आधी वयात अडकतील, पास, अपंग, पोलीस असलं विचारतील, अडकू देत. सांगताना हसायचं नाही आणि हिंट तर अजिबात द्यायची नाही, तुला ते जड जाणार. बर्फाच्या माणसाचं एक फेमस कोडं आहे, गवतावर गाजर, कोळसे आणि मफलर पडलेला, कुणी टाकलेला नाही, ते आपल्याकडं घेऊ नकोस, बर्फ वितळलेला आपल्या पोरांनी बघितलाय कुठं. लाईट गेल्यावर खेळा, मोबाईल आपोआप खाली राहतात. जिंकेल त्याला कुंदा, माझ्या नावावर.

आणि आज रात्री जेवताना एवढं कर. बाप आणि पोरगा गाडीवरनं पडले, बाप जागीच गेला, पोराला दवाखान्यात नेलं तर सर्जननं सांगितलं हात थरथरायलेत, मी ऑपरेशन करू शकत नाही, हा माझा पोरगा आहे. हे दाजींना घाल आणि बंड्याला पण घाल, पण वेगवेगळं, आणि दोघांत कोण आधी सांगतंय ते मला कळव. माझे पैसे बंड्यावर आहेत.

आईचं बीपी बघून घे, मला फोनवर सगळं छान आहे म्हणते.

तुझा,
बाळू