विभागप्रमुखपद घेण्याआधी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

वनस्पतिशास्त्राचं विभागप्रमुखपद घेऊ का, असं विचारलंस. घे, पण श्रावण-भाद्रपद कुणाला देऊ नकोस. प्रवेश, वेळापत्रक, अभ्यासमंडळाच्या बैठका नेमक्या तेव्हाच येतात आणि सड्यावरचा, म्हणजे उघड्या कातळपठारावरचा तेरडा, सीतेची आसवं, कंदीलपुष्पही तेव्हाच फुलतात. फुलाविना ओळख पटवणं म्हणजे अंदाजपंचे. वेळापत्रक बांधतानाच आठवड्यातला एक अख्खा दिवस फिरतीसाठी राखून ठेव. अभयारण्यात जायचं असेल तर वनखात्याच्या परवानगीचा अर्ज एप्रिलमध्येच टाक. जुलैत टाकलास तर परवाना येईस्तोवर सडा वाळलेला असेल.

आता बढतीचं गणित. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांप्रमाणे पीएच.डी. असेल तर सहायक प्राध्यापकाला वेतनस्तर १० वरून ११ ला ४ वर्षं, १२ ला आणखी ५, मग सहयोगी प्राध्यापक व्हायला ३ आणि प्राध्यापक व्हायला ३. विद्यापीठात सहयोगीसाठी ७ शोधनिबंध लागतात, प्राध्यापकासाठी १०. दोन्ही वेळा त्यांतले ३ मूल्यमापनाच्या काळातलेच हवेत. प्रशासनात शिरलेली माणसं इथेच अडकतात: एकूण आकडा भरतो, ते तीन भरत नाहीत. समित्यांचं काम बढतीत धरतात, पण ते निबंधाची जागा घेत नाही. कुलगुरूपदासाठी प्राध्यापकपदाची १० वर्षं मोजतात, म्हणजे इथला उशीर तिथवर पोचतो.

प्रशासनात गेलं की शास्त्र सुटतं, हे मला पटत नाही. मालवणचे शं. पु. आघारकर कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संशोधनसंस्था उभी राहिली ती त्यांच्याच खटपटीने.

हर्बेरियमचा, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा ताबा मात्र नुसत्या सहीवर घेऊ नकोस. कपाट उघडून नोंदवहीशी नमुने ताडून बघ. कागदावर तपकिरी भुकटी आणि बारीक भोकं दिसली की सिगारेट बीटल हा किडा आहे असं समज. फुलं आणि बिया तो आधी फस्त करतो. असे नमुने पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून उणे २० अंशांवर आठवडाभर ठेव. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नकोस, नाहीतर कागदावर दव धरतं आणि बुरशी येते. जुन्या नमुन्यांना बहुधा मर्क्युरिक क्लोराइड हे विषारी रसायन लावलेलं असतं, मुलांना हातमोज्यांशिवाय हात लावू देऊ नकोस. नवा नमुना दाबून वाळवताना त्याचे टिपकागद पहिल्या २४ तासांतच बदलायला सांग, तेवढ्यात पानं अजून मऊ असतात, नीट पसरता येतात. फुलाचा रंग जागेवरच लिहायचा, वाळल्यावर तो उडतो.

आणि प्रकल्पाचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे निधी खर्चल्याचा दाखला, लेखा विभागात पडून राहतं, पुढचा हप्ता त्यापायी अडतो. आठवड्याला एकदा स्वतः जाऊन विचार. फ्रीजरचं मागणीपत्र दिवाळीच्या आतच दे, मार्चच्या गर्दीत ते मागे पडेल.

तुझी,
आई