मापलेलं रीडिंग परत हाताने टाइप करायला लावू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चाकण-भोसरी पट्ट्यात रोबो आले, एआय आलं, सगळं ऑनलाइन झालं अशा बातम्या आपल्या पेपरात नेहमी येतात आणि त्या खऱ्याही आहेत, पण त्याच पट्ट्यातल्या एखाद्या छोट्या मशीन शॉपच्या क्वालिटी रूममध्ये संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. तिथे एक पोरगा सीएमएम या माप घेणाऱ्या मशीनमधून निघालेली पीडीएफ एका बाजूला उघडून कस्टमरच्या एक्सेलमध्ये एकेक आकडा टाइप करत बसलेला असतो, कारण सकाळी गाडी लोड व्हायची असते आणि पीडीआय म्हणजे माल पाठवण्याआधीच्या तपासणीचा रिपोर्ट कस्टमरच्या पोर्टलवर चढल्याशिवाय माल आत घेत नाहीत. मी याच लाइनमध्ये आहे, या विषयावर पेपरात कोणी लिहिताना दिसत नाही म्हणून हे पत्र.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीएमएम म्हणजे पार्टला बारीक प्रोब टेकवून माप घेणारं मशीन, ते मायक्रॉनमध्ये म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतं. याशिवाय मायक्रोमीटर, बोअर गेज, एअर गेज, सरफेस टेस्टर हे सगळं असतंच. आता यातली बहुतेक साधनं डिजिटल आहेत, म्हणजे रीडिंग आधीच कॉम्प्युटरच्या भाषेत तयार असतं. पण प्रत्येक कंपनीच्या मशीनची फाइल वेगळी आणि प्रत्येक कस्टमरला हवा असलेला रिपोर्ट वेगळा. एकाला स्वतःचा एक्सेल टेम्पलेट लागतो ज्यात सेल मर्ज केलेले आणि शीट लॉक केलेलं, दुसऱ्याला सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने आकडे वेगळे केलेली साधी फाइल, तिसऱ्याला त्याच्या एसपीसी म्हणजे आकड्यांवरून प्रोसेसवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची फाइल, चौथा पीडीएफवर सही-शिक्का मागतो. पार्ट तोच, माप तेच, रिपोर्ट मात्र चार प्रकारचे.

लोकांना वाटतं यात नुसता वेळ जातो. वेळ जातोच, पण खरं नुकसान आकड्यांचं होतं, आणि ते कोणाला दिसत नाही. एक उदाहरण देतो. बेअरिंग बसायचा ३५ एच७ चा बोअर, म्हणजे ३५ मिलिमीटरचं भोक, घ्या. एच७ म्हणजे या साइजला ३५.००० ते ३५.०२५, एकूण मोकळीक फक्त २५ मायक्रॉन. सीएमएम रीडिंग देतं ३४.९९६, म्हणजे बोअर चार मायक्रॉनने लहान, पार्ट रिजेक्ट. पण टेम्पलेटमध्ये दोनच दशांश ठेवलेले असतील आणि टाइप करणाऱ्याने किंवा मॅक्रोने (एक्सेलमध्ये आपोआप चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) आकडा तसा राउंड करून टाकला, तर ते होतं ३५.००, आणि पार्ट पास! यात कोणी खोटं लिहिलेलं नाही, कोणाची नियत वाईट नाही, नुसता फॉरमॅट बदलला. वर परत त्याच आकड्यांवरून सीपीके, म्हणजे प्रोसेस मर्यादेच्या आत किती आरामात बसते याचा आकडा, काढतात. जिथे जवळपास सगळ्या चांगल्या पार्टची रीडिंग ३५.००, ३५.०१ आणि ३५.०२ या तीन आकड्यांतच कोंबलेली आहेत तिथे १.३३ आला काय आणि १.६७ आला काय, त्याला अर्थ काय राहिला?

दुसरी गोष्ट क्रमाची. बोरिंगचा इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी धार, झिजत जातो तसा बोअर हळूहळू लहान होत जातो, आणि चांगला सेटर रनचार्ट, म्हणजे पीसच्या क्रमाने काढलेला रीडिंगचा आलेख, बघूनच सांगतो की आता टूल बदला. पण फाइल बदलताना पीस नंबर टेक्स्ट म्हणून सॉर्ट झाले की १ नंतर १०, मग ११, मग २ असा क्रम लागतो, आणि उतरत जाणारी रेघ विस्कटून वरखाली उड्या मारायला लागते. चार्ट बघणाऱ्याला वाटतं प्रोसेस नॉर्मल आहे. तारखेचंही तसंच, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल का चार मार्च हे कॉम्प्युटरच्या सेटिंगवर ठरतं. युरोपातून आलेल्या मशीनचं सॉफ्टवेअर जर्मन सेटिंगवर असेल तर दशांशाच्या जागी स्वल्पविराम येतो, मग ३५,०१८ हे आपल्या एक्सेलला पस्तीस हजार अठरा वाटतं, किंवा सीएसव्हीत त्याचे दोन कॉलम होतात. निदान ही चूक लगेच डोळ्यात भरते. पार्ट नंबरच्या सुरुवातीची शून्यं गळून पडतात ती मात्र डोळ्यात भरत नाहीत.

पण सगळ्यात जास्त डोकं खाणारा प्रकार वेगळाच आहे. ड्रॉइंगवर प्रत्येक मापाला गोल करून नंबर देतात, आम्ही त्याला बलूनिंग म्हणतो. कस्टमरच्या रिपोर्टमध्ये ते माप बलून १४ असतं, सीएमएमच्या प्रोग्रॅममध्ये त्याचं नाव प्रोग्रॅमरने 'सर्कल ३' ठेवलेलं असतं, आणि या दोघांची जोडी फक्त एका माणसाच्या डोक्यात किंवा त्याच्या मॅक्रोमध्ये असते. ड्रॉइंगचं रिव्हिजन बदललं, मध्ये एक माप वाढलं, की पुढचे सगळे नंबर एकने सरकतात आणि १४ चं रीडिंग १५ च्या ओळीत जाऊन बसतं. दोन्ही मापं जवळपास सारखी असतील तर सगळं हिरवंच दिसतं. आणि मॅक्रो लिहिणारा पोरगा दोन-चार हजार जास्त मिळतात म्हणून नोकरी सोडून गेला की नवीन आलेला परत हाताने टाइप करायला बसतो, हे मी एकाच शॉपमध्ये बघितलेलं नाही, भोसरीपासून वाळूजपर्यंत कोणालाही विचारा.

फाइल बदलताना डेटा गळतो ही काय फक्त छोट्या कारखान्यांची अडचण नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये लॅबकडून आलेला कोरोनाचा डेटा एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये घेतला जात होता, त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळी मावतच नाहीत, आणि १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस रोजच्या आकड्यांतून राहून गेल्या. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधायला उशीर झाला तो वेगळाच. एवढी मोठी सरकारी यंत्रणा जिथे फसली तिथे आमच्या एकट्या पोराकडून काय अपेक्षा करायची.

यावर उपाय नाही असं नाही, उपाय कधीचा तयार आहे. मोटार उद्योगात एक्यूडीईएफ नावाचा फॉरमॅट वर्षानुवर्षं चालतो. साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. के१००१ म्हणजे पार्ट नंबर, के२१०१ म्हणजे ड्रॉइंगचं मूळ माप, के२११० खालची मर्यादा, के२१११ वरची, आणि खाली रीडिंग, प्रत्येक रीडिंगसोबत तारीख-वेळ, बॅच, मशीन, ऑपरेटर असं सगळं जोडता येतं. रीडिंग व्हॅलिड आहे का नाही याचीही खूण असते, त्यामुळे न घेतलेलं माप शून्य म्हणून मोजलं जात नाही. दुसरा क्यूआयएफ, तो एक्सएमएल या टेक्स्टच्याच एका प्रकारात आहे आणि २०२० मध्ये आयएसओ २३९५२ म्हणून त्याला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यात तर माप थेट थ्रीडी मॉडेलमधल्या त्या बोअरला जोडलेलं राहतं, म्हणजे बलून १४ का सर्कल ३ हा वादच उरत नाही.

मग अडतं कुठे? तर मशीन विकताना एक्स्पोर्टचं ऑप्शन वेगळं, त्याचे पैसे वेगळे. मशीन घेताना मालक आधीच कर्ज काढून बसलेला असतो, तो म्हणतो पीडीएफ निघते ना मग बास, आणि त्या वेळी त्याचं चुकतंय असंही म्हणता येत नाही कारण त्याला पुढचं कोणी सांगितलेलंच नसतं. मायक्रोमीटरला डेटा पोर्ट असतो पण त्याची केबल कोणी घेत नाही. आणि एवढं करून एखाद्याने सगळं नीट बसवलं तरी कस्टमर म्हणतो आम्हाला आमच्याच एक्सेलमध्ये पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं मुख्यतः मोठ्या गाडी कंपन्यांना आणि त्यांच्या टियर वन, म्हणजे त्यांना थेट माल देणाऱ्या, सप्लायरना आहे. तुम्ही सप्लायर क्वालिटीच्या मीटिंगमध्ये झिरो डिफेक्टचे फलक लावता, तर हेही करा. दोनपैकी एक फॉरमॅट निवडा आणि तो सगळ्या वेंडरकडून घ्या, टेम्पलेट बंद करा. दशांश किती ठेवायचे, युनिट कुठलं, तारीख कशी लिहायची, ड्रॉइंगचं रिव्हिजन कुठे टाकायचं हे एका पानावर लिहून द्या. आणि मशीनमधून निघालेली मूळ फाइल रिपोर्टसोबत जोडायला सांगा, म्हणजे भांडण झालं तर डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याची चिठ्ठी) पाठवायच्या आधी दोघांनाही खरं रीडिंग बघता येईल. यात तुमचा खर्च जवळपास शून्य आहे.

मालकांना विनंती एवढीच की पुढचं मशीन घ्याल तेव्हा पीओमध्येच (पर्चेस ऑर्डरमध्ये) लिहून टाका, डेटा एक्स्पोर्ट मशीनच्या किमतीत पाहिजे, घासाघीस करायची खरी वेळ तीच असते. केंद्र सरकारच्या झेड (झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट) या क्वालिटी सर्टिफिकेशनमध्ये सूक्ष्म उद्योगाला फीवर ८० टक्के, लघुला ६० आणि मध्यमला ५० टक्के सूट मिळते, तिथेही रीडिंग हाताने टाइप होतंय का थेट येतंय हे तपासायला हरकत नाही. आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांना व्हर्नियर वाचायला शिकवतात तसं एकदा एखादी डेटा फाइल नोटपॅडमध्ये उघडून वाचायलाही शिकवा, एका प्रॅक्टिकलचं काम आहे.

आपल्या पेपरच्या उद्योगाच्या पानावर मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखती येतात. पुढच्या मुलाखतीत आपल्या बातमीदाराने एवढा एक प्रश्न जरूर विचारावा, की तुमचे वेंडर तुम्हाला रीडिंग कुठल्या फाइलमध्ये पाठवतात आणि ती फाइल भरतं कोण.

आपला नम्र,
एक क्वालिटी इन्स्पेक्टर, भोसरी एमआयडीसी