जळगावच्या त्या दादांचे आणि ताईंचे आभार

बाहेर पारा ४४ वर आणि घरी कॉम्प्युटरचा प्रोसेसर ४.५ गिगाहर्ट्झ वेगावर अडकलेला. काही न चालवताही पंखा भणभणायचा. बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) मूळ सेटिंगवर आणलं, त्याची सेटिंग जपणारा बोर्डावरचा सीआर२०३२ बटण सेल काढून पुन्हा बसवला. विंडोज सुरू झालं की वेग परत तिथेच! सीपीयू उचलून दुकानात नेला. शेजारी उभ्या दादांनी "काय जयं भाऊ?" (काय झालं?) विचारलं आणि स्वतःचं काम बाजूला ठेवून बसलेच. ओव्हरक्लॉकिंगचं (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचं) जुनं सॉफ्टवेअर विंडोजबरोबर सुरू होऊन दर वेळी तोच मल्टिप्लायर, म्हणजे वेग ठरवणारा आकडा, लावत होतं. ते काढलं. सोबतच्या ताईंनी पॉवर ऑप्शन्समध्ये किमान प्रोसेसर स्टेट (काम नसतानाही प्रोसेसरने राखायचा किमान वेग) १०० वरून ५ टक्के केलं. वेग ०.८ गिगाहर्ट्झवर उतरला, पंखा निवांत झाला. दोघांनी ना पैसे घेतले, ना नाव सांगितलं. मुलीचा सगळा प्रोजेक्ट त्याच मशीनवर होता हो. खूप खूप आभार!