इम्युनिटी वाढवायची, पण कुठली?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या आरोग्य पानावरच्या चौकटीत जवळपास दर आठवड्याला इम्युनिटी बूस्टर काढा असतो, कधी हळदीचा कधी गुळवेलीचा, त्याबद्दल जरा लिहायचंय. मी ५८ किलोचा माणूस, तरी गेल्या वर्षी शुगर निघाली. सगळे म्हणाले तुला कशी काय, तू तर काडी! डॉक्टरांनी वजनकाट्याकडे बघितलंपण नाही, सरळ पोटाला टेप लावली, ३६ इंच, म्हणजे ९१ सेंटिमीटर.

मग वाचत गेलो. आपण चरबी म्हणजे नुसतं तेलाचं पिंप समजतो पण तिथे आपल्या रोगप्रतिकारक पेशींची वस्तीच असते. चरबी बेताची असली की त्यात टी-रेग, इओसिनोफिल असल्या भांडणं मिटवणाऱ्या पेशी चांगल्या संख्येने असतात. पण चरबीची पेशी फुगत गेली की तिला ऑक्सिजन पुरत नाही, शेवटी काही मरतात, आणि तो पसारा साफ करायला मॅक्रोफेज नावाच्या सफाई कामगार पेशी येऊन तिच्याभोवती कडं करून बसतात, मायक्रोस्कोपखाली मुकुटासारखं दिसतं म्हणे. २००३ च्या अमेरिकेतल्या संशोधनात बारीक लोकांच्या चरबीत मॅक्रोफेज १० टक्क्यांच्या आत आणि लठ्ठ लोकांच्यात ४० च्या आसपास निघाले! आणि लठ्ठपणात चरबीतून जे टीएनएफ नावाचं रसायन जास्त सुटतं ते इन्सुलिनचा 'साखर आत घ्या' हा निरोप मधेच अडवतं आणि साखर रक्तातच राहते, हे हॉटामिसलिगिल आणि स्पीगलमन यांनी उंदरांत १९९३ लाच दाखवलं होतं. ताप नाही, दुखणं नाही, आत नुसतं धुमसत राहतं.

आणि काडी असून काय, आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि ब्रिटनचे युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण चरबी युडकिनची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२! हे २००४ ला लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात दोघांच्या फोटोसकट छापून आलंय.

म्हणजे माझ्या पोटात इम्युनिटी कमी नाहीये, नको तिथे कामाला लागलीये, तिला अजून काय बूस्ट करू? (काढ्याशी माझं वैर नाही, सर्दीला आई द्यायचीच.) पुढच्या वेळी त्या चौकटीत कमरेचे आकडे छापा, पुरुषाला ९० सेंटिमीटर, बाईला ८०, याच्यावर गेलं की सावध. आणि टेप कुठे लावायची तेही चित्र काढून दाखवा, आमच्या सोसायटीत सगळे पँटच्या पट्ट्यावर मोजतात आणि पट्टा तर पोटाच्या खाली असतो.

तुमचा एक जुना वाचक, पुणे